माघार : कधी मागावी, कधी घ्यावी

निवडणूक जवळ आली की सीमाभागातील मराठी वृत्तपत्रांत आणि बैठकांत दोन शब्द जोडीने ऐकू येऊ लागतात: 'एकी' आणि 'माघार'. एकीचे आवाहन सर्वांना असते. माघारीची अपेक्षा मात्र प्रत्येकाला दुसऱ्याकडून असते. जो तो म्हणतो, एकी झालीच पाहिजे. आणि त्याच दमात पुढे म्हणतो, म्हणून समोरच्याने अर्ज मागे घ्यावा. या जागेवर आम्ही एरवी भाषेविषयी लिहितो. आजचा विषय उमेदवारीचा असला तरी तो आम्हांला भाषेचाच वाटतो. महाराष्ट्र एकीकरण समितीच्या नावातच 'एकीकरण' आहे, आणि त्या शब्दाची परीक्षा दर निवडणुकीत, अर्ज मागे घेण्याच्या शेवटच्या दिवशी होते.

आमचे म्हणणे आरंभीच सांगतो, म्हणजे गैरसमज नको. निवड होण्यापूर्वी कोणाकडेही माघार मागू नये. निवड झाल्यानंतर कोणीही माघार नाकारू नये. या दोन वाक्यांपैकी एकच धरून ठेवणारे लोक आपल्याकडे पुष्कळ आहेत. ज्येष्ठांना दुसरे वाक्य आवडते, इच्छुकांना पहिले. दोन्ही एकत्र पाळली गेली नाहीत, म्हणून आज समितीची ही अवस्था आहे.

खानापूरचे उदाहरण सर्वांच्या मनात आहे. तरी ते पुन्हा सांगणे भाग आहे. 2013 च्या विधानसभा निवडणुकीत समितीचे दोन आमदार निवडून आले होते, एक बेळगाव दक्षिणमधून आणि दुसरा खानापुरातून. 2018 मध्ये त्याच खानापुरात समितीच्या नावाने दोन उमेदवार उभे राहिले. दोघेही स्वतःला खरे म्हणवत होते, दोघांच्याही व्यासपीठावर हुतात्म्यांच्या तसबिरी होत्या, दोघांच्याही भाषणांचा शेवट त्याच घोषणेने होत होता. निकाल लागला तेव्हा विजयी काँग्रेस उमेदवाराला साडेछत्तीस हजारांच्या घरात मते होती. समितीच्या दोघांची बेरीज चाळीस हजारांच्या पुढे गेली होती. जागा गेली. मतदारांनी समितीला नाकारले, असे त्या दिवशी म्हणता आले नाही. खानापूर तालुक्याने समितीला इतर कोणाहीपेक्षा अधिक मते दिली होती. आपण ती दोन मडक्यांत वाटून घेतली आणि दोन्ही मडकी रिकामी घरी आणली.

येथे प्रामाणिकपणे हेही सांगितले पाहिजे की, प्रत्येक पराभवाचे कारण फूट नव्हे. त्याच वर्षी बेळगाव ग्रामीण आणि बेळगाव दक्षिण या मतदारसंघांत विजयी उमेदवारांची आघाडी एवढी मोठी होती की समितीच्या मतांची बेरीज करूनही ती गाठता आली नसती. 2023 मध्ये तर बऱ्याच अंशी एकी झाली, उमेदवार एकेकच दिले गेले, आणि तरीही एकही जागा आली नाही. बेळगाव दक्षिणमध्ये सरळ लढतीत समितीचा उमेदवार सुमारे 12 हजार मतांनी मागे राहिला. तेव्हा एकी केली की जागा आलीच, असे आश्वासन आम्ही कोणाला देणार नाही. एकी पुरेशी नाही. पण ती नसेल तर बाकी सर्व निरर्थक ठरते, एवढे मात्र निश्चित.

शिवाय एकीचा हिशेब केवळ बेरजेचा नसतो. 2021 च्या बेळगाव लोकसभा पोटनिवडणुकीत समितीने एकच तरुण उमेदवार दिला. निवडून येण्याची आशा फारशी कोणाला नव्हती. तरीही त्याला 1 लाख 17 हजारांवर मते पडली आणि दोन राष्ट्रीय पक्षांमधील अंतर अवघ्या सव्वापाच हजारांवर आले. त्या मतांत अशा अनेकांची मते होती, ज्यांनी मधल्या काळात समितीला कंटाळून घरी बसणे पसंत केले होते. दोन गट एकमेकांवर चिखलफेक करीत असले की असा मतदार दोघांनाही मत देत नाही. तो दार लावून घेतो. म्हणून फुटीचा तोटा मोजताना मतयंत्रात पडलेली मते मोजून भागत नाही, न पडलेलीही मोजावी लागतात. त्याच वर्षी सप्टेंबरात बेळगाव महापालिकेच्या 58 पैकी 35 जागा भारतीय जनता पक्षाला मिळाल्या आणि वर्षानुवर्षे मराठी नगरसेवकांचे वर्चस्व असलेले सभागृह हातचे गेले. अनेक प्रभागांत मराठी मते एकाहून अधिक अपक्षांत विखुरली होती. पाच महिन्यांपूर्वीचा लाखाचा आकडा प्रभागाप्रभागांत विरून गेला.

एक जागा गेली तर एवढे काय बिघडले, असे विचारणारे भेटतात. निवडून आलेलाही आडनावाने मराठीच आहे, घरी मराठीच बोलतो, मग तक्रार कसली, असेही ते विचारतात. मराठी बोलणारा आमदार आणि मराठीच्या प्रश्नावर बोलू शकणारा आमदार यांत अंतर आहे. राष्ट्रीय पक्षाचा आमदार घरी कोणतीही भाषा बोलो, सीमाप्रश्न आला की सभागृहात त्याला पक्षाच्या राज्य शाखेची भूमिका घ्यावी लागते. आणि कर्नाटकात त्या प्रश्नावर सर्व पक्षांची भूमिका एकच आहे. मराठी शाळेला शिक्षक नाही, सातबारा मराठीत मिळत नाही, दुकानाच्या पाटीवरील साठ टक्के जागा कन्नडला देण्याची सक्ती आहे, हे त्या सभागृहात उभे राहून सांगणारा माणूस आज नाही. 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात दावा प्रलंबित आहे. न्यायालय काय ठरवील ते ठरवील. परंतु तोवर लोकेच्छेचा पुरावा म्हणून आपल्याजवळ मतपेटीशिवाय दुसरे काय आहे? 2005 मध्ये बेळगाव महापालिकेने महाराष्ट्रात सामील होण्याचा ठराव केला, तेव्हा राज्य सरकारने ती महापालिकाच बरखास्त केली. निवडून आलेल्या सभागृहाच्या ठरावाचे वजन सरकारला कळते. ते आपल्याला कळत नाही, ही खंत आहे.

आता माघारीच्या प्रश्नाकडे वळू. इतर पक्षांत या प्रश्नाला कागदोपत्री उत्तर असते. पक्षाचा 'बी फॉर्म' ज्याच्या हातात, चिन्ह त्याचे. बंडखोर उभा राहिला तरी त्याला वेगळे चिन्ह घ्यावे लागते आणि मतदाराला कोण कोणाचा हे कळते. समितीचे तसे नाही. समितीचा उमेदवार कायद्याच्या दृष्टीने अपक्ष असतो. दोघे उभे राहिले तर दोघेही अपक्ष, दोघांनाही मोकळ्या चिन्हांतून मिळेल ते चिन्ह. निवडणूक अधिकाऱ्याच्या लेखी त्यांच्यात फरक नाही. मग 'अधिकृत उमेदवार' हे शब्द आपण कशाच्या आधारावर वापरतो? अधिकृत म्हणजे ज्याला अधिकार दिला गेला तो. कोणी दिला? मध्यवर्ती समितीने, तालुका समितीने, शहर समितीने, की त्यांतून फुटून त्याच नावाने चालणाऱ्या दुसऱ्या समितीने? शब्दामागे मान्य झालेली प्रक्रिया नसेल तर 'अधिकृत' हे केवळ छापखान्यात जोडलेले विशेषण ठरते, आणि दोन पत्रकांवर दोन वेळा छापले जाते.

कायदा आपल्याला मदत करीत नाही, पण मुदत मात्र तो कठोरपणे घालतो. छाननीनंतर अर्ज मागे घेण्याचा शेवटचा दिवस, दुपारी तीनची वेळ. त्या वेळेपर्यंत सही करून लेखी सूचना दिली नाही, तर नाव मतयंत्रावर राहते. नंतर कोणी कितीही पत्रके काढली, सभेत कोणी कोणाच्या गळ्यात हार घातला, तरी ते नाव पुसले जात नाही, आणि काही हजार भाबडी मते त्याच्यावर पडतातच. म्हणून माघारीला सोईचा मुहूर्त नसतो. दुपारी तीनच्या आतली ती माघार, नंतरची ती केवळ दिलगिरी.

परंतु या मुदतीचा धाक दाखवून आपल्याकडे जे चालते, त्यालाही आमचा तितकाच विरोध आहे. इच्छुकांचे अर्ज मागवायचे, त्यांच्याकडून गावोगावी फिरून पाठिंबा गोळा करून घ्यायचा, आणि शेवटी चार-पाच ज्येष्ठांनी बंद खोलीत बसून नाव ठरवायचे. मग ज्याचे नाव आले नाही त्याच्या घरी रात्री दहा वाजता शिष्टमंडळ जाते. हुतात्म्यांची शपथ घातली जाते. 1956 च्या जानेवारीतील गोळीबाराची, 1986 च्या जूनमधील कन्नडसक्तीविरोधी आंदोलनाची आठवण दिली जाते. तू माघार घेतली नाहीस तर तू मराठीचा वैरी, असे सुनावले जाते. हे आवाहन नव्हे, हा दबाव आहे. ज्याची मोजणी झालीच नाही, त्याला तू मागे आहेस हे कोणी आणि कशावरून ठरवले? हुतात्म्यांचे नाव उमेदवारी ठरवण्यासाठी वापरणे हा त्या हुतात्म्यांचा अवमान आहे, हेही कोणीतरी एकदा स्पष्ट म्हणायला हवे. म्हणून आम्ही म्हणतो.

अशा दबावाखाली घेतलेली माघार टिकत नाही. ती घेणारा प्रचाराला येत नाही, आला तर बोलत नाही, आणि त्याचे कार्यकर्ते मतदानाच्या दिवशी शेतावर जातात. कागदावर एकी होते, मतपेटीत होत नाही. पुढच्या निवडणुकीत तोच माणूस माघार घेत नाही, आणि आपण त्याला बंडखोर म्हणतो. त्याचे बंड आदल्या निवडणुकीतच आपण पेरलेले असते.

या बाबतीत परदेशातील दोन प्रसंग बोलके आहेत. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार पक्षाचे नेते खोलीत बसून ठरवत नाहीत. प्रत्येक राज्यात पक्षाच्या पातळीवर आधी मतदान होते, त्याला तिथे 'प्रायमरी' म्हणतात, आणि मिळालेल्या मतांप्रमाणे पक्षाच्या अधिवेशनातील प्रतिनिधी ठरतात. 2008 मध्ये डेमोक्रॅटिक पक्षात बराक ओबामा आणि हिलरी क्लिंटन यांच्यात अशी लढत झाली. मार्च-एप्रिलपासूनच क्लिंटन यांनी माघार घ्यावी, त्यांच्या हट्टामुळे पक्ष फुटेल, अशी ओरड सुरू झाली होती. त्यांनी ती मानली नाही. उरलेल्या राज्यांतील मतदारांनाही मत देण्याचा हक्क आहे, अशी त्यांची भूमिका होती. 3 जूनला शेवटची मतदाने झाली, प्रतिनिधींचे गणित ओबामांच्या बाजूने पूर्ण झाले, आणि चारच दिवसांनी, 7 जूनला, सुमारे 1 कोटी 80 लाख मते पाठीशी असलेल्या त्या नेत्याने जाहीर सभेत माघार घेऊन प्रतिस्पर्ध्याला पाठिंबा दिला. ऑगस्टमध्ये डेन्व्हरच्या अधिवेशनात राज्यवार मोजणी चालू असताना न्यूयॉर्कची पाळी आली, तेव्हा मोजणी थांबवून ओबामांची निवड एकमताने करावी, ही सूचना त्यांनीच मांडली. नोव्हेंबरमध्ये पक्ष जिंकला. लढत लांबली म्हणून पक्ष मोडला नाही.

दुसरा प्रसंग 1980 चा. त्याच पक्षात विद्यमान राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांना एडवर्ड केनेडी यांनी आव्हान दिले. राज्यांतील मतदान संपले तेव्हा केनेडी स्पष्टपणे मागे होते. तरीही ते थांबले नाहीत. ऑगस्टमधील अधिवेशनापर्यंत ते गेले आणि प्रतिनिधींना त्यांच्या कौलाशी बांधून ठेवणारा नियमच बदलण्याची खटपट त्यांच्या गटाने केली. ती फसल्यावर त्यांनी माघार घेतली, गाजलेले भाषण केले. पण शेवटच्या रात्री व्यासपीठावर दोघांच्या भेटीत जो कोरडेपणा होता तो साऱ्या देशाने दूरचित्रवाणीवर पाहिला. नोव्हेंबरमध्ये रेगन यांनी 44 राज्ये जिंकली. कार्टर यांच्या पराभवाला महागाई होती, इराणमधील ओलिसांचे प्रकरण होते. सारा दोष केनेडींच्या माथी मारणे योग्य नव्हे. तरी दोन्ही प्रसंगांतला फरक लक्षात घेण्याजोगा आहे. क्लिंटन मोजणी संपेपर्यंत लढल्या. केनेडी मोजणी संपल्यानंतर नियमाशी लढले. पहिल्याला आम्ही हक्क म्हणतो, दुसऱ्याला हट्ट.

अमेरिकेची आणि आपली स्थिती सारखी नाही, हे आम्ही जाणतो. तिथे पराभूताला द्यायला पक्षाकडे पुष्कळ असते. क्लिंटन पुढे परराष्ट्रमंत्री झाल्या. समितीजवळ देण्यासारखे काय आहे? ना महामंडळ, ना मंत्रिपद. असलेच तर पोलिसांत नोंदवलेले गुन्हे आणि न्यायालयाच्या तारखा. म्हणूनच आपल्याकडची माघार अधिक महाग असते आणि म्हणूनच तिचा मान अधिक ठेवायला हवा.

दूर कशाला जायचे? 1956 च्या फेब्रुवारीत पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली, तेव्हा तिच्यात कम्युनिस्ट होते, प्रजासमाजवादी होते, शेतकरी कामगार पक्ष होता, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन होते, जनसंघही होता. या पक्षांचे एकमेकांशी हाडवैर होते. एरवी एका जागेवर या सगळ्यांनी उमेदवार दिले असते. 1957 च्या निवडणुकीत त्यांनी जागा वाटून घेतल्या, 'एकास एक' उमेदवार दिला, आणि पश्चिम महाराष्ट्रात सत्ताधारी काँग्रेसचा धुव्वा उडवला. ज्या पक्षाच्या वाट्याला जागा आली नाही, त्याच्या कार्यकर्त्याने दुसऱ्या पक्षाच्या उमेदवारासाठी भिंती रंगवल्या. विचारधारेने टोकाचे असलेले लोक एका प्रश्नासाठी हे करू शकले. आणि आपण एकाच प्रश्नाचे, एकाच घोषणेचे, एकाच गल्लीतले लोक ते करू शकत नाही, याचे उत्तर विचारधारेत सापडणार नाही. ते आपल्या मनात शोधावे लागेल. आणि आमच्या मते काही अंशी आपल्या भाषेतही.

आपल्या निवडणुकीची सारी भाषा रणांगणाची आहे. उमेदवार 'रणशिंग फुंकतो', 'गड राखतो', 'बालेकिल्ला' सर करतो. या भाषेत 'माघार' म्हणजे पळ काढणे. समोर शत्रू असेल तेव्हा ही भाषा ठीक आहे. पण घरातल्या घरात उमेदवार निवडतानाही आपण तीच वापरतो, आणि मग अर्ज मागे घेणारा पळपुटा ठरतो, न घेणारा झुंजार ठरतो. वृत्तपत्रातील मथळा असतो 'अमुक यांची माघार', आणि खाली त्याचा उतरलेल्या चेहऱ्याचा फोटो. कोणाला आवडेल असा मथळा?

वास्तविक आपल्याच बोलीत या शब्दाची दुसरी, मायेची बाजू आहे. कोल्हापूर-बेळगाव पट्ट्यातील खेड्यांत सासरहून माहेरी आलेल्या लेकीला 'माघारीण' म्हणतात. यात्रेला, सणाला माघारणी येतात तेव्हा गाव त्यांची वाट पाहत असते. त्यांना साडीचोळी होते, पहिला घास त्यांचा असतो. 'माघारी येणे' म्हणजे आपल्या घरी परत येणे. तिला कोणी 'हरून आली' म्हणत नाही. अर्ज मागे घेणारा उमेदवारही समितीच्या घरी माघारी येत असतो. त्याचे स्वागत आपण तसे करतो का? की दाराआडून 'आला एकदाचा ठिकाणावर' म्हणून हसतो?

आमच्या भागाला तालमींची परंपरा आहे. कुस्ती निकाली झाली की हरलेला मल्ल अंगाची माती झाडून जिंकलेल्याशी हात मिळवतो आणि आखाड्याबाहेर येतो. त्याला कोणी गद्दार म्हणत नाही. पण पंचाने निकाल दिल्यावरही तो आखाड्यात बसून राहिला, तर पुढची कुस्ती लागत नाही, आणि मैदान बिघडवल्याचा दोष त्याच्यावर येतो. आणि हेही तितकेच खरे की, कुस्ती न लावताच एकाला गदा दिली, तर दुसऱ्याने हात मिळवावा अशी अपेक्षा कोणताही वस्ताद करणार नाही.

माघार नाकारणाऱ्यांचे तीन युक्तिवाद आम्ही नेहमी ऐकतो. पहिला: माझी मते माझी आहेत, मी नसतो तर ती समितीला पडलीच नसती. यात काही तथ्य असेलही. प्रत्येक उमेदवाराची नात्यागोत्याची, गावाची अशी काही मते असतात. पण मग तीच मते सोबत घेऊन या. ती आणणारा म्हणून तुमचा मान वाढेल. दुसरा: निवड अन्यायाने झाली. झाली असेल तर ते निवडीच्या पद्धतीविषयी निकालापूर्वी सांगायचे असते. ज्या समितीपुढे आपण मुलाखत दिली, जिच्या मोजणीत आपले प्रतिनिधी बसले, तिचा निकाल विरुद्ध गेल्यावर ती समिती खोटी ठरत नाही. तिसरा: यंदा मी थांबलो तर माझे राजकारण संपेल. आमचा अनुभव उलटा आहे. सीमाभागातील मतदार पराभूताला विसरतो, फोडणाऱ्याला विसरत नाही. ज्याच्यामुळे जागा गेली त्याचे नाव गावच्या पारावर पुढची दहा वर्षे निघते.

आणि एक चौथे कारण आहे, जे कोणी बोलून दाखवत नाही. काही वेळा मागे असलेल्या उमेदवाराने उभे राहावे, अशी विरोधी पक्षाचीच इच्छा असते, आणि त्या इच्छेला खर्चाचीही जोड असते. कोणा एकाकडे आम्ही बोट दाखवत नाही, कारण हाती पुरावा नसताना नाव घेणे आम्हांला मान्य नाही. पण ज्याला जिंकण्याची आशा उरलेली नाही, त्याने आपल्या उभे राहण्याचा आनंद नेमका कोणाला होतो आहे, हे स्वतःशी तपासावे. विरोधकांच्या कार्यालयात आपल्या नावाचे कौतुक होत असेल तर तेवढे एक कारण माघारीला पुरेसे आहे.

संख्येने उमेदवार उभे करण्यालाही आमचा सरसकट विरोध नाही, हे सांगितले पाहिजे. 1996 च्या लोकसभा निवडणुकीत बेळगावातून 456 उमेदवार उभे होते. मतपत्रिकेची पुस्तिका झाली आणि साऱ्या देशाला सीमाप्रश्न नावाचे काही आहे हे कळले. त्याच वर्षी लोकसभेची अनामत रक्कम पाचशेवरून दहा हजारांवर नेण्यात आली. तेव्हा शेकडो लोक उभे राहिले, पण ते एका निर्णयाने उभे राहिले. जिंकण्यासाठी कोणीच उभे नव्हते. निषेध नोंदवायला सर्व उभे होते. ती एकीच होती. दोन उमेदवार मात्र परस्परांना पाडण्यासाठी उभे राहिले, तर ती फूट. शिस्त असेल तर साडेचारशे नावे एक मत होतात, नसेल तर दोन नावेही जड होतात.

म्हणून आमची मागणी ठोस आहे. निवडीची पद्धत आणि निवड करणाऱ्यांची यादी अधिसूचनेच्या किमान महिनाभर आधी जाहीर व्हावी. त्या यादीत प्रत्येक गावाचे, महिलांचे आणि तरुणांचे प्रतिनिधी असावेत. फक्त जुनी नावे नकोत. मतदान गुप्त व्हावे, मोजणी सर्व इच्छुकांसमोर व्हावी, आणि कोणाला किती मते पडली ते आकडे त्याच दिवशी वृत्तपत्रांना द्यावेत. आकडे झाकून ठेवले की संशय जन्मतो, आणि संशयातून दुसरा अर्ज. मोजणीपूर्वी प्रत्येक इच्छुकाने लेखी शब्द द्यावा की, मी निवडला गेलो नाही तर अर्ज भरणार नाही, भरला असेल तर मुदतीत मागे घेईन. हा शब्द ज्येष्ठांनी आधी द्यावा, मग तरुणांकडे मागावा.

निवडून आलेल्या उमेदवारावरही बंधन हवे. निकालाच्या संध्याकाळी गुलाल उधळून मिरवणूक काढण्यापूर्वी त्याने दुसऱ्या क्रमांकाच्या इच्छुकाच्या घरी जावे, शिष्टमंडळ न घेता, एकट्याने. प्रचाराची सूत्रे त्याच्या हाती द्यावीत. त्याच्या कार्यकर्त्यांना बूथवर जागा द्यावी. पत्रकावर त्याचे नाव आपल्या नावाखाली त्याच आकाराच्या अक्षरांत छापावे. जिंकणाऱ्याचा उन्माद हरणाऱ्याच्या हट्टाइतकाच फुटीला जबाबदार असतो. माघार घेणाऱ्याच्या वाट्याला केवळ सतरंजी उचलणे येणार असेल, तर माघारीचे उपदेश थांबवलेले बरे.

1 नोव्हेंबरला आपण काळा दिन पाळतो. फेरीत हजारो लोक चालतात, आणि त्या गर्दीत कोण कोणत्या गटाचा हे कोणी विचारत नाही. त्या दिवशी जी एकी रस्त्यावर दिसते ती खरी आहे. आम्ही तिला खोटी म्हणणार नाही. पण ती फेरी दुपारी संपते. पुढच्या निवडणुकीत, माघारीच्या शेवटच्या दिवशी, निवडणूक कार्यालयाच्या पायऱ्या चढणाऱ्या त्या एका माणसाबरोबर आपल्यापैकी किती जण चालत जातील? तो सही करून बाहेर येईल तेव्हा त्याच्यासाठी दारात कोणी उभे असेल का? हार घेऊन, पळपुटा न म्हणता, आपला माणूस माघारी आला म्हणून?